बांगडी की टिकली?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी आठवी-नववीत जाणारं कुणी असेल तर आज संध्याकाळी एक गंमत करा. भाजी निवडता निवडता सहज विचारा, “काय गं, −७ मोठा की −३?” उणे संख्या शाळेत शिकून झालेल्या असतात, तरी पुष्कळ मुलं पटकन ‘−७’ म्हणून मोकळी होतात. का, म्हणून विचाराल तर कारणही तयार असतं. सात तीनपेक्षा मोठा, आणि मगर नेहमी मोठ्या घासाकडे तोंड करते!

ही मगर तुम्हालाही ठाऊक असेल. दुसरी-तिसरीत > आणि < ही चिन्हं शिकवताना फळ्यावर मगरीचा जबडा काढतात. जबडा ज्या बाजूला उघडा, ती संख्या मोठी. लहान वयात ठीक आहे, पोरं हसतात, लक्षात राहतं. पण माझं स्पष्ट मत असं, की चौथीच्या सुट्टीत या मगरीला खुशाल नदीत सोडून द्यावं. पुढे आकड्याच्या जागी क्ष येतो, त्याच्या पुढे उणे चिन्ह येतं, आणि मोठा घास कुणीकडे आहे ते बिचारीला दिसतच नाही. मुली चिन्ह काढतात अगदी सुरेख. त्याचा अर्थ विचारला की गप्प!

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर आठवी-नववीला गणित शिकवते, आणि दुपारी घरी अकरावीच्या चार मुली येतात. असमानता हा विषय या सगळ्यांना निरनिराळ्या वेषात भेटतो. आठवीत संख्यांची तुलना म्हणून, नववीत त्रिकोणाच्या बाजू म्हणून, आणि पुढे चांगला आलेखासकट. समीकरण म्हणजे तराजूची दोन्ही पारडी सारखी, असं आपण शिकलो. असमानतेत एक पारडं खाली असतं, आणि ते किती खाली चालेल एवढंच विचारायचं असतं. आता मला सांगा, आपल्या संसारात पारडी सारखी कधी असतात हो? पोळ्या निदान वीस लागतील. किराण्यात फार तर तीन हजार घालायचे. दूध दीड लिटरच्या खाली भागत नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून आपण असमानताच तर सोडवत असतो.

आणि तरीही हीच बाई मुलीच्या वहीत डोकावून म्हणते, “मला नाही बाई गणित कधी जमलं. बाबांना विचार.” आपण सहज बोलून जातो, मुलगी मात्र ते नीट ऐकते. ‘आईला जमलं नाही, मला कुठून जमणार?’ हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता पहिला धडा पुस्तकातून सुरू न करता आयांच्या बोलण्यातूनच सुरू करते.

करायचं इतकंच. मुलींना सांगायचं, की घरातली पाच वाक्यं लिहून आणा. त्यांत ‘निदान’, ‘फार तर’, ‘तरी’, ‘आत’, ‘वर’, ‘खाली’, ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ यांपैकी एखादा शब्द हवा. वाक्य कुणाचंही चालेल, आईचं, आजीचं, रिक्षावाल्याचं. दुसऱ्या दिवशी वर्गात जी मेजवानी मिळते, ती कुठल्याही गाइडात नाही! ‘भाकऱ्या बारा तरी थाप.’ ‘पाहुणे फार तर आठ येतील.’ ‘रिक्षावाला चाळीसच्या खाली यायला तयार नाही.’ ‘लाइटचं बिल हजाराच्या वर जाता कामा नये.’ मग एकेक वाक्य फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचं चिन्हात भाषांतर करायचं. भाकऱ्यांना क्ष म्हटलं, की क्ष ≥ १२. पाहुणे क्ष ≤ ८.

गोंधळ होतो तो रिक्षावाल्यापाशी. ‘चाळीसच्या खाली येत नाही’ यात ‘खाली’ शब्द दिसला, की निम्म्या मुली < काढतात. ‘खाली’बरोबर ‘नाही’ आहे, हे वाचतच नाहीत. इथे मी मुद्दाम थांबते, आणि तुम्हीही थांबा. खाली येत नाही, म्हणजे चाळीस किंवा चाळीसच्या वर. क्ष ≥ ४०. परीक्षेत गुण जातात ते बीजगणितात फारसे जात नाहीत, अशा वाक्यांत जातात. आणि ही वाक्यं फोडून दाखवायला कुठल्याही पदवीची गरज नाही. मराठी येत असलं की झालं!

आमच्या वर्गात सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य कुठलं असेल, ओळखा पाहू. ‘सातच्या आत घरात!’ एका वर्गात अकरा मुलींनी तेच आणलं होतं. फळ्यावर लिहिलं, वेळ < ७. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, आणि बरोब्बर सातला पोचलं तर? ठोका पडतोय आणि पाऊल उंबऱ्यावर आहे, तर आई रागावेल का?”

सबंध वर्ग हसला. पण असमानतेतला अगदी कळीचा प्रश्न तोच आहे. टोकाचा आकडा धरायचा की सोडायचा? पुस्तकात यासाठी संख्यारेषेवर दोन खुणा असतात. टोक धरायचं नसेल तर पोकळ वर्तुळ, धरायचं असेल तर भरीव. मुली पोकळ-भरीव हमखास उलटसुलट करतात. म्हणून मी टिकल्यांचं पाकीट आणि बाळाच्या बांगड्या घेऊन वर्गात जाते. टोक धरलं तर टिकली लावायची. सोडलं तर बांगडी ठेवायची, आत रिकामी. एकदा हे केलं, की पुढे वर्षभर वर्गात एकच प्रश्न ऐकू येतो, “बाई, बांगडी की टिकली?” ‘सातच्या आत’ला बांगडी. ‘सातपर्यंत’ म्हटलं असतं तर टिकली. (आयांनी वाक्य बदलावं अशी त्या वर्गाची एकमुखी मागणी होती, तीही इथे पोचवते.)

या चिन्हांना वयही फार नाही बरं का. > आणि < ही चिन्हं टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात आली. तो १६२१ साली वारला आणि पुस्तक छापलं गेलं ते १६३१ मध्ये. खाली बरोबरची खूण जोडलेली चिन्हं फ्रान्सच्या पिएर बुगेरने १७३४ साली वापरलेली आढळतात, म्हणजे शंभर वर्षांनंतर! मोठमोठ्या विद्वानांनाही टोकाचं काय करायचं ते ठरवून लिहायला वेळ लागला, हे कळलं की मुलींना जरा बरं वाटतं.

टोकाची उदाहरणं हवी तितकी सापडतात. रेल्वेचं तिकीट घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही; पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं; पण वेगळा बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं. अर्ध्या तिकिटाचं वय लिहा, ५ ≤ वय < १२. एका टोकाला टिकली, दुसऱ्या टोकाला बांगडी! तसाच रक्ततपासणीचा कागद. गरोदर नसलेल्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तो रक्तक्षय. गरोदर असेल तर ही हद्द साधारण ११. घरातला असा एखादा कागद मुलीला वाचायला द्या आणि ‘माझं कुठे बसतं?’ म्हणून विचारा. गणिताबरोबर तुमचंही हिमोग्लोबिन कळेल. आपण ते बघायचं नेहमी पुढे ढकलतो.

आता याच टोकाची एक हकीकत सांगते. घरी येणाऱ्या अकरावीच्या मुलींनाही मी वाक्यं आणायला सांगितली होती. त्यांतल्या एकीने चार वाक्यं किराण्याची आणली आणि पाचवं हे: ‘वैशाखात अठरावं लागलं की उरकून टाकू.’ वाक्य आईचं होतं. स्थळ आलेलं होतं, चांगलं होतं, आणि अठरावं लागलं म्हणजे कायद्यात बसतं अशी घरात सगळ्यांची समजूत. मुलीनेही ते इतर चार वाक्यांसारखंच शांतपणे वाचून दाखवलं.

मी काही बोलले नाही. कागदावर संख्यारेषा काढायला लावली, १५ ते २० पर्यंत. आधी कायद्याचं टोक लावा म्हटलं. कायदा म्हणतो, मुलीची अठरा वर्षं पूर्ण हवीत. टिकली १८ वर. मग म्हटलं, अठरावं लागतं तेव्हा किती पूर्ण झालेली असतात? मुली बोटं मोजायला लागल्या. जन्मल्याबरोबर पहिलं लागतं, तेव्हा पूर्ण झालेलं वर्ष शून्य. पहिला वाढदिवस झाला की दुसरं लागतं. म्हणजे अठरावं लागतं तेव्हा पूर्ण झालेली वर्षं सतरा. तिने आपल्या हाताने १७ वर बांगडी ठेवली. टिकली आणि बांगडी यांच्यात एक अख्खं घर रिकामं. बारा महिने! चौघी त्या रिकाम्या घराकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी मग त्यांना हे टोक कसं सरकत आलं तेही सांगितलं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय किमान १४ ठरवलं. १९४९ मध्ये ते १५ झालं. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचं १८ आणि मुलाचं २१. आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात शब्दच असे आहेत, की अठरा वर्षं पूर्ण झालेली नाहीत ती मुलगी बालक. ‘पूर्ण’ हा शब्द तिथे उगीच नाही. ती टिकली आहे.

पुढच्या आठवड्यात तिची आई आली. मोठी हिशेबी बाई, गल्लीची भिशी तीच चालवते. तो कागद घडी घालून पाकिटात आणला होता. “बाई, हे पोरीनं मांडलंय ते खरं का?” मी म्हटलं, “ताई, तुम्हीच मोजून बघा.” त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, एकदा सोडून दोनदा, आणि म्हणाल्या, “म्हणजे पुढल्या वैशाखाच्या आत नाहीच.” लग्न लांबलं. ते या कागदामुळे लांबलं, की मुलाची बदली झाली म्हणून, हे मी सांगू शकत नाही. मुलगी बारावीत आहे, दुपारी येते, आणि टोकाच्या आकड्यावर तिचं उत्तर चुकत नाही.

पुन्हा वर्गात जाऊ. शब्द आणि टोक झालं, की दोरी काढायची. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सुतळी बांधतो. घरी कपडे वाळत घालायची दोरी चालेल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर −१० ते १० आकडे लिहायचे आणि चिमट्यांनी ओळीने अडकवायचे. (पत्रिका टाकून देऊ नका, जाड कागद असतो, फार उपयोगी.) वर्गात एकेका आकड्याखाली एकेक मुलगी उभी राहते. मी म्हणते, “क्ष + ३ > ५.” प्रत्येकीने क्षच्या जागी आपला आकडा घालायचा आणि खरं ठरलं तर हात वर. ३ पासून पुढच्या सगळ्या हात वर करतात. २ वाली हिशेब करते, पाच पाचपेक्षा मोठे? नाही! तिच्या हातात बांगडी. आणि मग कुणीतरी विचारतंच, “बाई, अडीचचं काय? अडीच आणि तीन साडेपाच, ते तर पाचपेक्षा मोठे.” विचारलं नाही तर आपण विचारावं. मधल्या जागेत मुली उभ्या नसल्या, तरी आकडे आहेतच. म्हणून बांगडीपासून उजवीकडे एक ओढणी अंथरायची. उत्तर म्हणजे सुटे आकडे नसून ती सबंध ओढणी.

याच दोरीवर तो सगळ्यांना छळणारा नियमही दिसतो. उणे संख्येने गुणलं किंवा भागलं, की चिन्ह उलटतं. पुस्तकात चौकटीत छापलेला असतो, मुली पाठ करतात आणि परीक्षेत विसरतात. दोरीखाली २ आणि ५ या दोघींना उभं करा. ५ उजवीकडे, म्हणून ती मोठी. दोघींत तीन मिळवा, दोघी तीन पावलं पुढे जातात, मोठी ती मोठीच राहते. दोनाने गुणा, ४ आणि १०, अंतर वाढलं पण क्रम तोच. आता −१ ने गुणा. २ वाली −२ वर, ५ वाली −५ वर पळते. बघा, आता उजवीकडे कोण आहे? जी मघाशी धाकटी होती ती! ५ > २, पण −५ < −२. मुलींनी स्वतः धावून जागा बदललेली असते, त्यामुळे चिन्ह का उलटलं हे पुन्हा सांगावं लागत नाही.

ज्यांच्या घरी दुकान आहे त्या मुलींना तर दोरीचीही गरज पडत नाही. आमच्याकडे किराणा दुकानदाराची एक मुलगी आहे, वर्गात फारशी बोलत नाही. ती म्हणाली, “पाचशे उधारी असलेला तीनशेवाल्यापेक्षा वरचढ कसा असेल, बाई?” यापेक्षा सोपं कुणी सांगावं! आपल्या ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त या संख्यांचे नियम दिले, ते धन आणि ऋण हेच शब्द वापरून. मराठीत आजही ‘ऋण संख्या’ म्हणतो, पण तो शब्द ऐकताना कर्ज आठवत नाही, एवढंच. मगरीपेक्षा उधारीची वही कितीतरी भरवशाची.

उत्तर बरोबर आलं का, हे मुलीला स्वतःला तपासता यावं यासाठी एक जुनीच युक्ती आहे, शितावरून भाताची परीक्षा. समजा उदाहरण आहे −२क्ष < ६. चिन्ह उलटवलं तर उत्तर क्ष > −३. उलटवायचं राहिलं तर क्ष < −३. कुठलं खरं? एक शीत उचला. शून्य सगळ्यांत सोपं. क्षच्या जागी शून्य घातलं तर ० < ६, खरं आहे. म्हणजे उत्तरात शून्य असायलाच हवं. ते क्ष > −३ मध्ये आहे, दुसऱ्यात नाही. झालं! हे तपासायला आईला बीजगणित यायची गरज नाही. फक्त म्हणायचं, “शून्य घालून दाखव बघू मला.”

नववीच्या त्रिकोणासाठी खराट्याचे हीर पुरतात. ३, ४ आणि ६ सेंटिमीटरचे तुकडे जोडले तर त्रिकोण होतो. ३, ४ आणि ८ घेतले तर तोंडं जुळतच नाहीत. आणि ३, ४, ७ घेतले तर? दोन काड्या तिसरीवर सपाट झोपतात! इथेही टोक आलंच, आणि इथे बांगडी; बेरीज तिसरीपेक्षा मोठीच हवी, बरोबरी चालत नाही. युक्लिडने पहिल्या भागात विसावं विधान म्हणून हे सिद्ध केलं, तेव्हा काही लोकांनी थट्टा केली म्हणतात, की हे तर गाढवालाही कळतं, गवताकडे सरळच जातं ते. प्रवासात खेळायला आणखी एक सोपा खेळ आहे. १ ते १०० मधला आकडा मनात धरायचा, आणि दुसरीने फक्त ‘अमक्यापेक्षा मोठा का?’ एवढंच विचारायचं. प्रत्येक वेळी उरलेल्यांचे बरोबर दोन भाग केले, तर सात प्रश्नांत आकडा सापडतोच. एसटी दोन तास उशिरा असली तरी हरकत नाही.

पण माझा सर्वांत आवडता तास रांगोळीचा. दोन अज्ञात संख्यांची असमानता म्हटली, की आलेखाच्या कागदाला मुली घाबरतात, आणि ठिपक्यांच्या रांगोळीत मात्र यांचा हात धरणारं कुणी नाही. अहो, आलेखाचा कागद म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की! खाली आडवे सात ठिपके, ० ते ६. वर उभे पाच, ० ते ४. आडवे ठिपके वडापावचे, २० रुपयांना एक. उभे ठिपके लस्सीच्या पेल्यांचे, ३० रुपयांना एक. पर्समध्ये १२० रुपये. म्हणजे २०क्ष + ३०य ≤ १२०. एकेका मुलीने एकेक ठिपका घ्यायचा, हिशेब करायचा, पैशांत बसलं तर तिथे हिरवा रंग टाकायचा. पस्तीस ठिपक्यांपैकी एकोणीस हिरवे होतात. त्यांत तीन ठिकाणी पैसे अगदी पुरेपूर संपतात: सहा वडापाव, तीन वडापाव नि दोन लस्सी, किंवा नुसत्या चार लस्सी. या तीन ठिपक्यांवरून सुतळी धरली तर ती एका सरळ रेषेत येते, आणि सगळा हिरवा रंग तिच्या एकाच अंगाला! त्या क्षणी वर्गात जो ‘अय्या!’ उठतो, त्यासाठी मी आदल्या रात्री रांगोळीचे डबे भरून ठेवते.

मग एकेक अट वाढवायची. लस्सी निदान एक हवीच. खालची सातांची ओळ पुसली, बारा उरले. दोघी मैत्रिणी जाताहेत, वडापाव निदान दोन हवेत. बोट ठेवून मोजा, पाचच ठिपके उरतात. बारावीला हेच मोठ्या नावाने येतं, आणि तिथवर पोचलेल्या मुलीला सांगता येतं, की हे तू व्हरांड्यात केलेलं आहेस.

या शास्त्राची एक गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रश्न मांडला, की एका माणसाला वर्षभर पुरेसं पोषण मिळेल असं सर्वांत स्वस्त जेवण कुठलं? ७७ पदार्थ घेतले, ९ पोषक घटक घेतले, प्रत्येक घटक ‘निदान इतका’ हवा अशी नऊ वाक्यं. त्याचं उत्तर आलं १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलर. जेवण काय, तर कणीक, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या शेंगांचे दाणे. बस्स! १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी अशी उदाहरणं सोडवायची नवी रीत काढली. तिच्यावर नऊ कारकून बसले, हाताने चालवायची यंत्रं घेऊन, आणि एकूण १२० दिवसांची मजुरी खर्ची पडून उत्तर आलं ३९.६९. स्टिगलरचा अंदाज फक्त २४ सेंटांनी चुकला होता! मुली मात्र थक्क होतात त्या दुसऱ्याच कारणाने. वर्षभर कोबी आणि पालक? घरात कोण खाईल? खरंच आहे. चवीसाठी एकही असमानता कुणी लिहिलेली नव्हती.

पुढे डँट्झिग यांनीच स्वतःचं वजन उतरवायला संगणकाला आहार विचारला. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून, पाण्याचा भाग वजा करून अन्नाचं वजन जास्तीत जास्त हवं, अशी अट घातली. संगणकाने सांगितलं, ५०० गॅलन व्हिनेगर प्या! व्हिनेगर यादीतून काढलं तर म्हणाला, दिवसाला २०० सूपच्या वड्या खा. मिठाला ‘फार तर इतकंच’ असं कुणी बांधलेलंच नव्हतं ना! मग ‘वड्या फार तर तीन’ अशी असमानता घातली, तर मण्यामागून मणी ओघळावा तसा पुढचा पदार्थ आला, रोज दोन पौंड कोंडा. शेवटी त्यांच्या पत्नीने, ॲन यांनी, संगणकाच्या याद्या वाचून पाहिल्या, त्यातलं घ्यावंसं वाटलं ते घेतलं, आणि नवऱ्याचं पथ्य आपल्या हाताने सुरू केलं. बावीस पौंड वजन उतरलं.

ही गोष्ट सांगून झाली, की मी मुलींना आपापल्या ताटाच्या असमानता लिहायला लावते. भात, पोळी, भाजी, प्रत्येकाला ‘निदान’ किंवा ‘फार तर’. गेल्या खेपेला ‘लोणचं ≤ २ फोडी’ जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, आयांच्या हुकमाने. एकीने मोठ्या शहाणपणाने ‘कारलं > ०’ लिहिलं आणि संख्यारेषेवर शून्याला बांगडी ठेवली. ती पाणी प्यायला बाहेर गेली, तेवढ्यात शेजारणीने बांगडी उचलून तिथे टिकली लावून टाकली.